भिंतीवरचा पहारेकरी आणि पावसाची झड



मृग नक्षत्र तोंडावर आले की आपण तुमसर भागातली माणसे घराच्या डागडुजीला लागतो. कवेलू फेरतो, वळचण पाहतो, धानाचे बियाणे कोरड्या जागी ठेवतो. पण हल्ली घराच्या भिंतीवर एक नवा पहारेकरी आला आहे; त्याची आठवण मात्र कोणी काढीत नाही. तो म्हणजे कॅमेरा. शिक्षक बंधुभगिनींना तर तो चांगलाच ठाऊक आहे. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने शाळांना हे कॅमेरे बसविणे बंधनकारक केले.

माझ्या घरची गोष्ट सांगतो. श्रावणात चार दिवस झड लागली होती. एका रात्री शेजाऱ्यांची पाण्याची मोटर चोरीस गेली. सकाळी ते आले आणि म्हणाले, “गुरुजी, तुमचा कॅमेरा आमच्याच गल्लीकडे पाहतो ना? जरा दाखवा.” लावून पाहतो तो सगळे पांढरे धुके! माणूस तर नाहीच, समोरचे फाटकही दिसेना. पहारेकरी जागा होता, पण त्याच्या डोळ्यावर सारा आला होता. मला फार ओशाळल्यासारखे झाले.

मग शिडी लावून पाहिले. कॅमेऱ्याची पेटी शाबूत होती. दोष होता तारेच्या जोडात. जोड भिंतीवर उघडाच लोंबत होता आणि त्यातले तांबे हिरवे पडले होते. शिवाय काचेच्या आतून दव धरले होते.

आता हे पाणी आत जाते कसे? गरम दुधाच्या डब्याचे झाकण घट्ट लावले आणि दूध निवले, म्हणजे झाकण आत ओढल्यासारखे बसते. तसेच इथे घडते. उन्हाने कॅमेरा तापतो, आतली हवा फुगते. एकदम सर आली की ती हवा आकसते आणि जिथे फट सापडेल तिथून ओली हवा आत ओढून घेते. तिचेच काचेवर दव होते.

विकत घेताना खोक्यावर ‘आयपी ६६’ किंवा ‘आयपी ६७’ अशी खूण पाहा. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६६ म्हणजे धूळ आत जात नाही आणि कोणत्याही बाजूने जोराची धार मारली तरी पाणी बाधत नाही. ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी चालतो. पण ही हमी पेटीची आहे, तारेच्या जोडाची नव्हे. फसगत होते ती नेमकी इथे.

तेव्हा चार गोष्टी करा. पहिली, सगळे जोड प्लास्टिकच्या डब्यात घ्या; वायरमन त्याला जंक्शन बॉक्स म्हणतात. डब्याच्या वरच्या व बाजूच्या फटी सिलिकॉनने बुजवा, तार खालून आत घ्या आणि तळाला लहानसे भोक राहू द्या. चुकून आलेले पाणी तिथून निघून जाते. दुसरी, तार भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्या. पाणी तारेवरून घरंगळत झोळाच्या तळाशी येते आणि पागोळीसारखे गळून पडते. तिसरी, भिंतीचे छिद्र बाहेरच्या बाजूला उतरते पाडा. चौथी, कॅमेरा वळचणीखाली बसवा. आपल्याकडे पाऊस एकाच दिशेने येत नाही. बंगालच्या उपसागरात कमी दाब झाला की पूर्वेकडूनही झोडपतो. वळचण नसेल तर वर पत्र्याचे लहान छप्पर करा. पण त्याची कड चित्रात येऊ देऊ नका, नाहीतर रात्री कॅमेऱ्याचाच अदृश्य प्रकाश तिच्यावरून परत फिरतो आणि चित्र पांढरे होते. कोळिष्टकांचेही तेच. आठवड्याला मऊ फडक्याने ती काढा.

कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी मात्र बांधू नका; वाफ आतच कोंडते. आत ओल गेलीच तर कोणी म्हणेल, तांदळाच्या डब्यात ठेवा. तुमसर ही तांदळाची पेठ खरी, पण ते तांदूळ भातालाच बरे! नव्या जोड्याच्या खोक्यात सिलिका जेलची पुडी असते, ती ओल शोषून घेते.

विजांचे भय वेगळे. दूर पडलेल्या विजेचा झटकाही लांब तारेतून घरात येतो. म्हणून चांगले अर्थिंग आणि झटका अडविणारे साधन वायरमनकडून बसवून घ्या. आभाळ गडगडत असता शिडीवर कोणीही चढू नये. एरवीही आधी वीज बंद, मग हात.

गुरुजनहो, तारेचा झोळ मुलांना दाखवा. विज्ञानाचा एक पाठ भिंतीवरच मिळेल. आणि पहिल्या सरीनंतर एका रात्री आपल्या कॅमेऱ्याचे चित्र स्वतः पाहा. फाटक दिसते का? न दिसले तर सकाळीच शिडी लावा. शेजारी दारात येईपर्यंत थांबू नका.