लेकराचे कोपर



मी डॉक्टर नव्हे. सातवीत शाळा सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि इस्पितळांच्या बाकांवर झाले. त्या बाकांवर शिकलेली एक गोष्ट आज सांगतो.

वीटभट्टीवरच्या एका सहकाऱ्याचा सहा वर्षांचा मुलगा विटांच्या ढिगावरून पडला. कोपर सुजले. एका हाडवैद्याने कामट्या लावून पट्टी करकचून आवळली. पोर रात्रभर रडले. मी बापाला म्हणालो, "हाड मोडलंय, रडणारच." खाडा त्याला परवडत नव्हता. तिसऱ्या दिवशी इस्पितळात नेले, तेव्हा बोटे थंडगार पडली होती. पुढे ती आत वळली, ती वळलीच. माझे ते वाक्य मी विसरलेलो नाही.

हे व्यंग जर्मन शल्यवैद्य फोल्कमान यांनी १८८१ साली वर्णिले. पडताना मूल हात पुढे टेकते. दंडाचे हाड कोपराच्या जरा वर, जिथे ते पातळ असते, तिथे मोडते. हाताची मुख्य रक्तवाहिनी तिथूनच जाते. आत सूज, वर आवळलेली पट्टी! रक्त पोचेनासे झाले की स्नायू काही तासांत मरू लागतात, आणि मेलेला स्नायू आखडतो.

हाड जागेवर असेल तर प्लास्टर पुरते. पार सरकले असेल तर भूल देऊन, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, बहुधा चिरफाड न करता ते बसवतात आणि दोन-तीन बारीक पोलादी तारांनी धरून ठेवतात. तारांमुळे हाड जागचे हलत नाही. मग कोपर फार दुमडून ठेवावे लागत नाही आणि रक्ताची वाट मोकळी राहते. तीन-चार आठवड्यांनी तारा काढतात. एवढेच ते 'ऑपरेशन', ज्याच्या नावाने आपण घाबरतो.

म्हणून लक्षात ठेवा: वेदना वाढत चालली, बोट सरळ करताच मूल किंचाळले, बोटे पांढरी, थंड किंवा बधिर झाली, तर पट्टी असो की प्लास्टर, त्याच घटकेला इस्पितळ गाठा. सकाळची वाट पाहू नका. सुजल्या कोपराला मालीश तर मुळीच नको.

पण बापाची रोजी बुडणार असेल तर हा उपदेश पोकळ आहे. लेकराच्या दुखण्यासाठी पगारी रजा ही मागणी आम्ही मागणीपत्रात वरच्या बाजूला लिहितो, ती यासाठी. कामगाराजवळ हातांवाचून दुसरे भांडवल नाही. ते त्याच्या पोराला तरी धड मिळावे.