चढावयास आणि उतरावयास एकच फळी



वैशाखाच्या या उकाड्यात आम्ही बर्फावरून घसरावयाच्या फळीवर बोलण्यास उभे आहोत, याचे काहींना हसू येईल. येऊ द्या. पण विषय दिसतो तितका परका नाही. रेणुकेच्या गडावर किंवा दत्तशिखरावर पायी जाणाऱ्यांना चढ म्हणजे काय आणि उतार म्हणजे काय, हे आम्ही सांगावयास नको. चढताना छाती भरून येते, उतरताना गुडघे बोलू लागतात. पाय तेच, पण काम निराळे. बर्फाच्या डोंगरात हा भेद इतका वाढतो की दोन कामांना दोन साधने लागतात. ती दोन्ही एकाच वस्तूत बसविण्याचा उद्योग गेली तीस-पस्तीस वर्षे चालू आहे. त्या वस्तूला स्प्लिटबोर्ड म्हणतात. आपण दुभंगफळी म्हणू.

आधी मूळ फळीचे सांगतो. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतील मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने मुलींना खेळावयास म्हणून दोन स्की शेजारी शेजारी जोडून दिल्या. त्यावर आडवे उभे राहून मुली उतारावरून घसरू लागल्या. त्या खेळण्याची पुढे स्नोबोर्ड ही फळी झाली आणि १९९८ साली जपानातील नागानो येथे ती ऑलिंपिकमध्येही गेली. उतरावयास ही फळी झकास. चढावयास मात्र अगदी निरुपयोगी, कारण दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले! गुलमर्गसारख्या ठिकाणी केबलवरचा पाळणा माणसाला अफरवटच्या माथ्याजवळ नेऊन सोडतो, तेथे हे चालून जाते. पाळणा नसेल तेथे फळी पाठीवर बांधून मांडीएवढ्या बर्फात रुतत जावे लागते.

यावर १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत युटा राज्यातील ब्रेट कोबर्निक याने उपाय केला. त्याने फळी मधोमध, लांबीने करवतीने कापली. दोन भाग दोन पायांना लावले की चालावयाच्या दोन स्की होतात. माथ्यावर गेल्यावर तेच भाग एकमेकांस जोडले की पुन्हा फळी. चढताना तळाशी एक केसाळ पट्टी चिकटवितात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे, आता अंगोरा बकरीच्या लोकरीची किंवा नायलॉनची असते. बैलाच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरविला तर तो सहज सरकतो, उलटा फिरविला तर अडतो; तीच ही युक्ती. पाऊल पुढे सरकते, मागे घसरत नाही. टाच मोकळी राहते आणि पाऊल फक्त पुढच्या बाजूस बिजागरीवर फिरते.

अशी एक ‘सर्वकामी’ म्हणून विकली जाणारी फळी आम्ही आणि आमच्या दोन सोबत्यांनी फेब्रुवारीत अफरवटच्या उतारांवर वापरून पाहिली. कारखान्याचे नाव घेत नाही. आम्हांला तिची जाहिरात करावयाची नाही आणि निंदाही नाही. विकणारे जी चित्रे दाखवितात ती सगळी उतरण्याची असतात. ताज्या भुसभुशीत बर्फातून धुरळा उडवीत माणूस खाली येतो आहे! पण दिवसाचा हिशेब मांडून पाहा. तीन तास चढावे, तेव्हा दहा-पंधरा मिनिटे उतरावयास मिळते. मग वस्तूची परीक्षा त्या पंधरा मिनिटांवर का करावयाची? शिवाय मऊ बर्फात कोणतीही फळी चांगलीच वाटते. पहिल्या पावसानंतरच्या भुसभुशीत रानात कोणताही वखर चालतो, वखराची पारख कडक ढेकळांत होते.

म्हणून आम्ही मुद्दाम वाईट बर्फ शोधला. सरळ चढावर फळीने काही उणे दिसू दिले नाही. रुंद असल्याने ती रुतत नव्हती. खरी अडचण आली ती सकाळच्या टणक बर्फावर, डोंगराच्या कुशीतून आडवे जाताना. अर्धी फळी एकटी असली की पिळाला कच्ची पडते, आणि बूट मऊ असल्याने तिची कड बर्फात धरत नाही. तेथे तळाला लोखंडी दातांचे पत्रे लावावेच लागले. स्कीवाले याच वाटेवरून निवांत पुढे गेले.

दुसरी परीक्षा सांध्याची. माथ्यावर वारा असतो. पट्टी सोलावयाची, दोन भाग जुळवावयाचे, आकडे अडकवावयाचे, बंध फिरवून बसवावयाचे. आणि यातले पुष्कळसे हातमोजा काढल्याखेरीज नीट होत नाही. पहिल्या दिवशी आम्हांला वीस मिनिटे लागली, सहाव्या दिवशी आठ. खाचेत जरासा बर्फ गोठला की आकडा बसत नाही. नखाने, काठीच्या टोकाने, शेवटी तोंडच्या वाफेने तो काढावा लागतो.

येथे आपल्या काळ्या रानाशी संबंध असलेली एक गोष्ट आठवते. हैदराबादजवळ पाटनचेरू येथे १९७२ साली इक्रिसॅट ही संशोधनसंस्था निघाली. तेथे बैलांनी ओढावयाच्या चाकांच्या एका औजारगाड्यावर बरेच काम झाले. नांगरणी, पेरणी, कोळपणी, वर गाडी म्हणूनही तोच! संस्थेच्या रानात तो उत्तम चालला, शेतकऱ्यांच्या घरी मात्र रुजला नाही. पॉल स्टार्की यांनी १९८८ साली अशा गाड्यांवर पुस्तक लिहिले. ‘परिपूर्ण केले, तरी नाकारले’ अशा अर्थाचे त्याचे उपशीर्षक आहे. किंमत जबर, वजन भारी, आणि एका कामातून दुसऱ्या कामाकडे वळताना होणारी अदलाबदल कटकटीची. पुष्कळांनी त्याची नुसती गाडीच करून टाकली. दुभंगफळीचे तसे झाले नाही, याचे कारण आमच्या मते एकच. शेतकऱ्याकडे तिफण आणि कोळपे वेगवेगळे होतेच. फळीवाल्याला मात्र पाठीवर ओझे वाहण्यावाचून दुसरी सोय नव्हती.

उतरण्याविषयी थोडक्यात. जोडलेली फळी अखंड फळीपेक्षा किंचित जड व मंद वाटते, पण मधला भाग वर उचललेला आणि पुढचे टोक वळविलेले असल्याने ती मऊ व टणक अशा दोन्ही बर्फांत सांभाळून घेते. खाली बाबारेशीकडच्या रानात सपाट वाट लागली की मात्र स्कीवाला काठ्या मारीत निघून जातो आणि फळीवाला पाय सोडवून चालू लागतो.

हे मिनिटांचे हिशेब आम्ही हौसेने करीत नाही. साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर हिमलोट सुटतात, आणि नेमके तेच उतार घसरावयास गोड. याच अफरवटवर १ फेब्रुवारी २०२३ रोजी लोटाखाली सापडून दोन पोलिश पाहुणे दगावले. पुरलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढले तर आशा, पुढे ती झपाट्याने घटते. अशा वेळी सोबत्याची फळी माथ्यावर आकड्यापाशी अडून बसली असेल तर तो खाली पोहोचणार कधी? म्हणून शोधयंत्र, लांब सळई आणि फावडे यांच्याबरोबर दोन सुटे आकडे, थोडी तार आणि स्क्रू फिरविण्याचे लहान हत्यार प्रत्येकाच्या पिशवीत हवे. आम्हां तिघांत ते एकाच्याच पिशवीत ठेवावे अशी सूचना आली होती. ती आम्ही मानली नाही, कारण तीच पिशवी लोटाखाली जाऊ शकते.

आपल्याकडची तरुण मंडळी आता गुलमर्गला जाऊ लागली आहेत. त्यांनी पहिल्या वर्षी अशी फळी विकत घेऊ नये, भाड्याने घ्यावी. दुकानात ती हातात आली की खोली बंद करून, जाड हातमोजे घालून पाच वेळा जोडावी आणि पाच वेळा सोडवावी. दुकानदार हसेल, त्याला हसू द्यावे.