दोन मुलखांचा एक संसार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याचा मला सराव नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चिटणीसबाई घरी येऊन म्हणाल्या, "यंदा तुम्ही संसारावर चार शब्द बोला," तेव्हा मी भाकऱ्या थापीत होते. मी म्हटले, संसार तर सगळ्याच करतात, त्यात मी निराळे काय सांगणार? पण पुढे दोन दिवस तोच विचार डोक्यात राहिला. आपल्या संसारात आपण इतक्या गुंतलेल्या असतो, की आपले काय चुकते ते आपल्याला दिसत नाही. दुसऱ्याचा संसार पाहिला म्हणजे कधीकधी ते दिसते. म्हणून आज मी एका दूरच्या संसाराची हकिकत सांगणार आहे. तो संसार चीन देशात झाला, आणि अवघा एक वर्ष टिकला.

डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस हे नाव पुष्कळजणींनी ऐकले असेल. ते आपल्या सोलापूरचे. जन्म १९१० सालचा. मुंबईत शिकून ते डॉक्टर झाले. १९३७ साली जपानने चीनवर मोठा हल्ला केला. जखमी माणसे फार आणि डॉक्टर थोडे, अशी तिकडे अवस्था झाली. चीनने आपल्या पुढाऱ्यांकडे मदत मागितली. आपण तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होतो, तरी १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. त्यांत कोटणीस होते. जाताना वाटले होते, वर्षभराने परत यायचे. पण तिकडे असतानाच वडील वारल्याची बातमी आली, तरी हाती घेतलेले काम टाकून ते परतले नाहीत. सोलापूरच्या त्या माऊलीने ते दिवस कसे काढले असतील, ते आपण बायकांनीच ओळखावे. ज्यांची मुले मुंबईला गेली आणि सणावारालाही फिरकली नाहीत, अशा आया आपल्या महाड-पोलादपूरच्या गावोगाव आहेत.

कोटणीसांची 'कहाणी' पुढे व्ही. शांताराम यांनी १९४६ साली चित्रपटात आणली. मी तो लहानपणी दूरदर्शनवर पाहिला. तेव्हा मला त्यातला चिनी पोशाख आणि गाणी तेवढी आठवत राहिली. त्यामागचा खरा संसार मोठेपणी वाचून कळला.

त्यांच्या पत्नीचे नाव गुओ छिंगलान. त्या परिचारिका होत्या आणि परिचर्या शिकवीत असत. कॅनडाचे डॉक्टर बेथून तिकडे जखमींची सेवा करता करता १९३९ साली वारले. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, आणि त्यातून रक्तात विष भिनले. त्यांच्या समाधीच्या कार्यक्रमात १९४० साली कोटणीस आणि छिंगलान यांची पहिली भेट झाली. हा परदेशी डॉक्टर आपल्या भाषेत बोलतो, थोडे लिहितोही, याचेच त्यांना मोठे नवल वाटले. भगिनींनो, इथे जरा थांबा. त्यांच्या मनात पहिल्यांदा भरली ती त्यांच्या तोंडची आपली भाषा. डॉक्टरांचे रूप, शिक्षण, मान ही सगळी पुढची गोष्ट झाली.

१९४१ साली कोटणीस त्या भागातल्या बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दोघांचे लग्न झाले. रुग्णालय म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे मोठी इमारत येते. तिथे तसे नव्हते. डोंगरातली खेडी, शेतकऱ्यांची घरे, आणि त्याच घरांतून ठेवलेले जखमी. जपानी फौज चालून आली की सगळे उचलून दुसरीकडे जायचे. अशा मुलखात त्यांनी संसार मांडला. नवरा शस्त्रक्रिया करी आणि विद्यार्थ्यांना चिनी भाषेत शिकवी. बायको आपले शिकवण्याचे काम करी. रात्री तो शस्त्रक्रियेवर पुस्तक लिहीत बसे.

त्या मुलखातले घर कसे असते तेही सांगते, कारण आपल्याला घराचे सांगितल्याशिवाय संसार कळत नाही. उत्तर चीनच्या खेड्यांत थंडी फार. तिथे खोलीत विटांचा रुंद ओटा असतो, त्याला 'कांग' म्हणतात. चुलीचा धूर त्या ओट्याच्या पोटातून फिरवून बाहेर काढतात. ओटा तापतो आणि सगळे घर त्यावरच निजते. त्याच ओट्यावर बसून जेवायचे, शिवायचे, मूल खेळवायचे. एका जाळात स्वयंपाकही होतो आणि अंथरूणही ऊन होते. आणि रोजचे धान्य कोणते म्हणाल, तर राळे! आपल्या आजीच्या तोंडी असलेले तेच राळे. त्याची ते पेज करतात. आपल्याकडे तांदळाची पेज, तिकडे राळ्याची. हे वाचले तेव्हा चीन मला एकदम शेजारच्या आळीइतका जवळ वाटला.

ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना मुलगा झाला. नाव ठेवले यिनहुआ. चिनी भाषेत यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. न्ये रोंगजेन नावाच्या त्यांच्या सेनापतीने ते सुचवले. एका नावात दोन्ही घरे आली. आईकडचे की बापाकडचे, हा वादच उरला नाही.

पुढचे सांगताना जड जाते. कोटणीसांना फिटचे झटके येत. कामाचा ताण, झोप कमी, खाण्याची आबाळ. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले. वय बत्तीस. बाळ साडेतीन महिन्यांचे. लग्नाला जेमतेम वर्ष झालेले. पुढे तो मुलगाही डॉक्टरकी शिकत असताना १९६७ साली वारला. छिंगलानबाईंनी नंतर दुसरा संसार केला, मुले वाढवली, पण कोटणीसांच्या घराशी नाते तोडले नाही. १९६२ साली दोन्ही देशांत युद्ध झाले. तरी ही चीनची सून पुढे अनेकदा भारतात येऊन सासरच्या माणसांत राहून गेली. २०१२ साली त्या वारल्या. सोलापूरचे कोटणीसांचे घर आज स्मारक म्हणून जपले आहे.

आता माझे सांगते. घरातली गोष्ट चारचौघींत काढावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. पण न सांगता खाली बसले, तर हे भाषण खोटे होईल.

तीन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्याने मुंबईत लग्न केले. मुलगी केरळची, रुग्णालयात नर्स. मी लग्नाला गेले, पण मनाने गेले नाही. पहिल्या गणपतीला ती पाचाडला आली. मी तिच्याशी फारसे बोललेच नाही. कोणी विचारले तर म्हणायची, "तिला आपली भाषा कुठे येते?" ही सबब मला फार सोयीची झाली होती. ती पोर चार दिवस माझ्या स्वयंपाकघरात गप्प बसून नारळ खवीत होती. हात असा चालायचा, की मोदकांचे सारण माझ्या आधी तिचेच तयार. तरी मी शाबासकीचा शब्द काढला नाही. जाताना तिने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "आई, येते." जाते म्हणू नये, येते म्हणावे, एवढेसुद्धा ती शिकून आली होती. आणि मी तिच्या भाषेतला एक शब्द शिकले नव्हते.

कोटणीसांचे वाचले तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती ही "येते". त्यांनी परमुलखात जाऊन तिथली भाषा आपली केली, म्हणून त्यांना घर मिळाले. माझ्या सुनेने तेच केले. कमी पडले ते आमचे घर.

आपण रोज जिच्या वाड्यावरून आणि समाधीवरून जातो, त्या जिजाऊसाहेबांचे माहेर कुठे? विदर्भात, सिंदखेडला. आणि देह ठेवला आपल्या पाचाडात, १६७४ साली. आज आपण त्यांना परक्या म्हणू का? भगिनींनो, सून म्हटली की ती कुठून तरी आलेलीच असते. कुणी बिरवाडीहून, कुणी केरळहून. अंतराचाच काय तो फरक.

आता सुनेचे दिवस भरत आले आहेत. नाव आमच्याकडचेच ठेवायचे, असा मी आधीपासून हट्ट धरला होता. तो मी सोडला. मागच्या आठवड्यात मुलाला फोनवर म्हटले, दोन्ही घरांना उच्चारता येईल असे नाव शोधा, आणि तिच्या आईलाही विचारा. थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "आई, हे तूच तिला सांग." आणि फोन तिच्या हाती दिला.

मी एकच वाक्य पाठ करून ठेवले होते. "ऊणु कळिच्चो?" म्हणजे, जेवलीस का? माझा उच्चार ऐकून ती इतकी हसली, की मलाही हसू आवरेना. आणि मग हसता हसता रडायला लागली. तिच्या भाषेत तिला काय वाटले ते मला कळले नाही, पण पुढचे सगळे ती मराठीत बोलली. कामावर डबा नेते का, पाय सुजतात का, सगळे मी विचारले. तीन वर्षांत पहिल्यांदा.

कोटणीसांना एकच वर्ष मिळाले, तेवढ्यात त्यांनी संसार करून दाखवला. मला तीन वर्षे मिळाली होती, ती मी फुकट घालवली. आपल्यापैकी कुणाच्या घरी अशी गप्प बसलेली सून असेल, तर तिने आपली भाषा शिकण्याची वाट पाहू नका. तिची विचारा. एक वाक्य पुरते. जेवलीस का, एवढेच.

  बाळाच्या बारशाला सर्वांनी यायचे आहे. आमंत्रण आत्ताच देऊन ठेवते.