साठवलेल्या उन्हाचा हिशेब



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज येथे जमलो आहोत, त्या गुरुजींनी आम्हांला पदार्थविज्ञान शिकविले. फळ्यावरचे उदाहरण सुटले की ते हटकून विचारीत, "बाकीची ऊर्जा गेली कोठे?" या प्रश्नाची खरी किंमत मला फार उशिरा कळली, आणि तीही स्वतःच्या चुकीतून.

खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या उगमाकडे कणकुंबीच्या परिसरात, एका टेकडीवर मी खालच्या वाडीला इंटरनेट पोहोचविणारा रेडिओ आणि राउटर बसविला होता. तेथे वीज नव्हती. म्हणून सौर पॅनेल, बॅटरी आणि आपल्या घरी असतो तसा इन्व्हर्टर. उन्हाळाभर सारे सुरळीत चालले. आषाढ लागला आणि रोज पहाटेपूर्वी संपर्क तुटू लागला. वाडीत मोबाईलची रेंज नव्हती. रात्री कोणी आजारी पडले तर वाहन बोलावण्याचा तोच एक मार्ग होता. मी आणखी एक पॅनेल मागविण्याच्या बेतात होतो. मग गुरुजींचा प्रश्न आठवला आणि मल्टिमीटर घेऊन टेकडी चढलो.

दोन्ही उपकरणांची खरी गरज मिळून १२ वॅट. बॅटरीतून मात्र २.३ अँपिअर, म्हणजे जवळजवळ २८ वॅट जात होते!

पॅनेल दिष्ट धारा देते, बॅटरी तीच साठविते, उपकरणांनाही शेवटी तीच लागते. मधल्या मध्ये आम्ही इन्व्हर्टरने तिची २३० व्होल्टची प्रत्यावर्ती धारा करीत होतो आणि अडॅप्टरने पुन्हा दिष्ट. अडॅप्टर थोडे खात होते. खरा खादाड इन्व्हर्टर. त्याला काही जोडलेले नसतानाही तो १२ वॅट घेई, आणि तेही चोवीस तास. शेकडो वॅटच्या भारासाठी बनविलेल्या यंत्राकडून आम्ही मूठभर काम करून घेत होतो, त्याचा तरी काय दोष?

इन्व्हर्टर काढला. बॅटरीजवळ फ्यूज घालून दोन लहान डी.सी. कन्व्हर्टर जोडले. आता ओढ १३ वॅटच्या थोडी वर आली. १०० अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी निम्मीच वापरावी, म्हणजे हाती ६०० वॅट-तास. पूर्वी ती भरलेली असली तरी २१ तास पुरती. आता सुमारे ४५ तास. ढगाळ दिवसांत ती पुरती भरतही नसे, हे ध्यानात घेतले म्हणजे या फरकाचे मोल कळेल.

राउटरवर १२ व्होल्ट लिहिले आहे, मग बॅटरीलाच का जोडू नये, असे येथील विद्यार्थी विचारतील. १२ व्होल्टची म्हणविणारी बॅटरी भरताना १४ व्होल्टच्याही वर जाते आणि रिकामी होताना ११ कडे उतरते. काही उपकरणे हे सोसतात, काही सोसत नाहीत. म्हणून मध्ये स्थिर १२ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर. उंच खांबावरच्या रेडिओला आम्ही ४८ व्होल्ट दिले, तेही माहितीच्याच केबलमधून. तेवढीच शक्ती चौपट दाबाने पाठविली की प्रवाह चौथाई होतो आणि तारेत उष्णतेने होणारा ऱ्हास सोळाव्या हिश्श्यावर येतो. हे गणित याच इमारतीत, नववीच्या वर्गात, मी चुकविले होते.

त्या श्रावणात पहाटेचा संपर्क टिकला. नव्या पॅनेलची मागणी मी रद्द केली. इन्व्हर्टर खाली आणला; तो आता माझ्या घरी आहे, आणि वीज गेली की पंखा फिरवितो.