अंदमानांत थोड्या खर्चांत बेटोबेटीं



अंदमानचें नांव महाराष्ट्रांत घरोघरीं ठाऊक आहे, तें बहुधा सेल्युलर तुरुंगामुळें. १९११ सालीं सावरकरांना ‘महाराजा’ बोटीनें तेथें नेलें, तेव्हां परतीच्या तिकिटाचा प्रश्नच नव्हता. आज तेथील विमानतळ त्यांच्याच नांवानें ओळखला जातो, आणि आपल्याकडील कुटुंबें सुटींत हौसेनें तेथें जातात. परत आल्यावर मात्र अनेकांची तक्रार एकच असते: बेटाबेटांमधील जाण्यायेण्यांतच फार पैसे गेले. हा खर्च कसा आटोक्यांत ठेवावा, याविषयीं मी आज बोलणार आहें.

प्रथम तेथें पोंचण्याविषयीं. चेन्नई, कलकत्ता व विशाखापट्टण येथून सरकारी जहाजें जातात. प्रवास तीन-चार दिवसांचा, आणि साध्या बिछान्याचें तिकीट स्वस्त असतें. पण ज्याची रजाच आठ दिवसांची, त्यानें सहा-सात दिवस पाण्यावर घालविणें हा हिशेब कोणता? त्यानें चेन्नई किंवा कलकत्त्याहून विमानानें जावें आणि काटकसर पुढें करावी. पोर्ट ब्लेअरचें नांव २०२४ पासून श्रीविजयपुरम् झालें आहे; हॅवलॉकचें स्वराज द्वीप व नीलचें शहीद द्वीप २०१८ सालींच झालें. लोकांच्या तोंडीं जुनीं नांवेंहि आहेत, म्हणून दोन्ही लक्षांत ठेवावीं.

काटकसरीचें खरें ठिकाण म्हणजे फिनिक्स बे येथील सरकारी धक्का. स्वराज द्वीपास खासगी वेगवान बोट सुमारें दीड तासांत नेते. सरकारी बोट दोन ते अडीच तास घेते, पण भाडें बरेंच कमी. खासगी बोटींत प्रवासी कांचेआड गार हवेंत बसून राहतो. सरकारी बोटींत कठड्याशीं उभें राहून समुद्र पाहतां येतो. माझ्या मतें अधिकचा तास हा तोटा नव्हे, नफाच आहे.

मग सारेच सरकारी बोटीनें कां जात नाहींत? कारण तिकीट सहज मिळत नाहीं, आणि तें तसें असणें रास्तहि आहे. ही बोट आपल्या करमणुकीसाठीं काढलेली नाहीं. ती तेथील लोकांची एस्. टी. आहे. शाळामास्तर, बाळाला दवाखान्यांत नेणारी आई, शहीद द्वीपाच्या मळ्यांतली भाजी विकणारा, सारे तिनेंच जातात. बेटवासीयांना ओळखपत्रावर सवलतीचें भाडें आहे. पाहुण्यानें आपला दिवस बोटीच्या सोयीनें ठरवावा, बोटीनें आपल्या सोयीनें सुटावें अशी अपेक्षा धरूं नये. स्वराज द्वीपाहून राजधानीस परत येऊन पुन्हा शहीद द्वीपास जाण्याऐवजीं एका बेटावरून थेट दुसऱ्यास जावें व तेथून परतावें. एक फेरी वांचते. वादळी हवेंत फेऱ्या रद्द होतात. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशींच राजधानींत येऊन राहावें, नाहींतर सारी बचत नव्या विमान-तिकिटांत जाते.

हेलिकॉप्टरहि आहे. २०११ सालीं जलविमानाचा प्रयोगहि झाला, पण तो टिकला नाहीं. हेलिकॉप्टरची जागा मिळाली तर कोणाला आवडणार नाहीं? परंतु लिटल अंदमानसारख्या बेटावरून, जेथें बोटीस अनेक तास लागतात, अत्यवस्थ रोग्यास आणावयाचें तें याच साधनानें. मोजक्या खुर्च्यांपैकीं एक आपण केवळ दृश्यासाठीं अडवावी काय, हें ज्याचें त्यानें पाहावें.

उत्तरेकडे जाणारा हमरस्ता स्वस्त खरा; बस बाराटांग, रंगत, दिगलीपूरपर्यंत नेते. पण तो जारवांच्या राखीव प्रदेशांतून जातो. सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं त्या भागांतील रस्ता बंद करण्यास सांगितलें, तरीहि पहाऱ्यांत गाड्यांचे तांडे जातच राहिले. तेथें थांबणें वा छायाचित्रें घेणें गुन्हा आहे. पण कांहीं प्रवासी माणसें पाहावयास म्हणूनच त्या वाटेनें जातात, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. रंगतला समुद्रानेंहि जातां येतें. बोट मिळत असेल तर बोटच धरावी. निकोबारला मात्र परवान्यावांचून जातां येत नाहीं. तो बेत एका सुटीचा नव्हे.

आणि ज्याच्या खिशांत कांहींच उरलें नसेल त्यानें चॅथमहून बांबू फ्लॅटची होडी धरावी. थोड्याच रुपयांत बंदर ओलांडून होतें, सोबतीस मोटारी आणि सायकलीहि असतात. पलीकडे ज्या डोंगराला पूर्वीं माउंट हॅरिएट म्हणत, त्यावरून खालीं दिसणारा माडांचा किनारा तुम्हीं आधींच पाहिलेला आहे: जुन्या तांबड्या वीस रुपयांच्या नोटेवर तोच छापला होता. डोंगर चढण्यापूर्वीं परतीची शेवटची होडी केव्हां सुटते, एवढें धक्क्यावर विचारून ठेवावें.