वरच्या मजल्यावरची खोली



बडोद्याचा मराठी माणूस दोन भाषांत सहज राहतो. आमच्या दांडिया बाजारात घरात मराठी आणि ओट्यावर गुजराती. भाजीवालीशी बोलताना वाक्य एका भाषेत सुरू होते आणि दुसरीत संपते. इथल्या सेव-उसळीत उसळ कुणाची नि शेव कुणाची, हे भांडण कुणी उकरून काढत नाही. म्हणून ‘आपले शहर मोकळे’ असे आपण म्हणतो आणि लगेच सयाजीराव महाराजांचे नाव घेतो. तो अभिमान खोटा नाही. १९०६ साली त्यांनी साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९१३ साली तरुण भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवले.

पण १९१७ साली आंबेडकर करारानुसार नोकरीसाठी इथे आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. नाव बदलून ते पारशांच्या एका पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी डझनभर माणसे काठ्या घेऊन जिना चढून आली. संध्याकाळपर्यंत जागा सोडायची होती. दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही अडचणी सांगितल्या. रात्रीच्या मुंबईच्या गाडीला वेळ होता. तो त्यांनी कमाटीबागेत बसून काढला. अठरा वर्षांनंतरही ती आठवण आली की डोळ्यांत पाणी येते, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

महाराजांना हुकूम काढून शाळा उघडता आल्या. लोकांच्या घराची दारे हुकमाने उघडली नाहीत. मला त्या काठीवाल्यांपेक्षा ते दोन मित्र अधिक अस्वस्थ करतात. ते वाईट नव्हते. घरच्यांना काय वाटेल, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

अस्वस्थ होण्याचे कारण सांगतो. १९८४ साली आमच्या घराची वरची खोली भाड्याने द्यायची होती. विदर्भातून विद्यापीठात शिकायला आलेला एक मुलगा विचारायला आला. वडील त्याच्याशी अर्धा तास कवितेवर बोलले. त्याचे वाचन माझ्याहून कितीतरी जास्त होते. चहा मीच नेऊन दिला. मग वडिलांनी आडनाव विचारले. ते ऐकल्यावर म्हणाले, “अरेरे, कालच एकाला शब्द दिला.” कुणालाही शब्द दिलेला नव्हता. मुलाने कप उचलला आणि म्हणाला, “मोरी कुठे आहे? विसळून ठेवतो.” मी बाविसाव्या वर्षी एम.ए.ला मराठी शिकत होतो, आणि मी त्याला मोरी दाखवली.

पुढे चार महिने खोली रिकामी राहिली.

पुढे मी तीस वर्षे भाषा शिकवली. दोन भाषा येणे म्हणजे मन मोकळे असणे, असे वर्गात कितीदा तरी बोललो असेन. आता ते वाक्य जिभेवर अडखळते. आडनाव विचारणे आज गावंढळ समजतात. त्याऐवजी ‘खाण्यापिण्याचे काय?’ असे विचारतात. उत्तर मात्र तेच काढून घ्यायचे असते.

ती खोली आता माझ्या ताब्यात आहे. गेल्या जूनमध्ये दोन मुलांना दिली, काही न विचारता. पण भाडेकरारासाठी आधारकार्ड मागावे लागले, आणि ते हातात घेतल्यावर माझी नजर आधी कुठे गेली, ते मला ठाऊक आहे.