वाहत्या रक्ताचा जोर आणि रक्ताची गाठ



रक्त गोठण्याचा विषय निघाला की विचार होतो तो रक्तातील द्रव्यांचा. परंतु रक्त वाहते असते, आणि त्या वाहण्याचा जोरही गाठ बांधण्यात सहभागी असतो, याकडे सहसा लक्ष जात नाही.

१९५८ साली एडवर्ड हाइड या अमेरिकन डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकास लहानसे पत्र लिहिले. हृदयातील महाधमनीची झडप अरुंद झालेल्या दहा रुग्णांच्या पोटात मोठा रक्तस्राव झाला, पण त्याचे कारण सापडले नाही, असे त्यांनी कळविले. विकार छातीत आणि रक्त आतड्यातून! पुढे असेही दिसले की, आतड्याचा भाग कापून काढला तरी कित्येकांचा रक्तस्राव पुन्हा सुरू होई; उलट झडप बदलली की तो बहुधा थांबे.

याचे उत्तर एका धाग्यात दडलेले होते. एका घनमिलिमीटर रक्तात सुमारे दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. जखम झाली की त्या तेथे चिकटतात. मात्र बारीक धमनीतील वेगवान प्रवाहात त्या वाहूनच जायच्या. तेथे त्यांना धरून ठेवते ते फॉन विलेब्रांड यांच्या नावाचे प्रथिन. या फिनलंडच्या डॉक्टरांनी १९२६ मध्ये ऑलंड बेटांवरील एका कुटुंबातील रक्तस्रावाचा आनुवंशिक विकार वर्णिला. त्यांनी तपासलेली त्या घरची पाच वर्षांची मुलगी पुढे तेराव्या वर्षी मासिक पाळीच्या रक्तस्रावाने दगावली.

हे प्रथिन एरवी सुताच्या गुंडीसारखे गुंडाळलेले असते. जखमेवर अडकले आणि प्रवाहाने ताणले की ते उलगडते व प्लेटलेट त्यास बिलगतात. प्रवाह वाढला की पकड सुटावी, असा व्यवहारातील अनुभव. येथे मात्र ताणानेच पकड येते! धागा बेसुमार लांब राहिला तर नको तेथे गुठळ्या होतील, म्हणून त्यास कापणारे एक विकरही रक्तात असते. पण कापण्याची जागा घडीत झाकलेली असते; ताण बसल्यावरच ती उघडी पडते.

अरुंद झडपेतून रक्त पिचकारीसारखे उसळते. प्रत्येक ठोक्यास धागे ताणले जातात, कापले जातात आणि सर्वांत लांब, म्हणजेच सर्वांत उपयोगी, धागे नाहीसे होतात. प्लेटलेटची संख्या ठीक असूनही आतड्यातील नाजूक रक्तवाहिन्या झिरपत राहतात.

म्हणूनच वृद्ध माणसाच्या अंगात वारंवार रक्त कमी होत असेल आणि दुर्बिणीच्या तपासणीत कारण मिळत नसेल, तर लोहाच्या गोळ्या वाढविण्यापूर्वी छातीस स्टेथोस्कोप लावणे व हृदयाची सोनोग्राफी करणे अगत्याचे ठरते.

२००३ मध्ये फ्रान्समधील लील येथील डॉक्टरांनी दाखविले की, झडप बदलल्यावर दुसऱ्याच दिवशी लांब धागे रक्तात परततात. मात्र बसविलेली झडप रुग्णाच्या मानाने लहान पडली, तर सहा महिन्यांत तीच उणीव पुन्हा दिसते.